नवतप्यातला कॉम्प्युटर

मे महिना लागला की नागपुरात कॉम्प्युटरची समज असलेल्या माणसाचा फोन जास्त वाजतो. "दादा, कॉम्प्युटर हँग होऊन राहिला, नवीनच घेऊन टाकू का?" हा प्रश्न डिसेंबरात कुणी विचारत नाही. मशीन तीच, विंडोज तीच, काम तेच. बदललेली असते फक्त खोलीतली हवा. तरी दोष जातो प्रोसेसरला, व्हायरसला किंवा "आजकालच्या मालाला". माझं मत असं, की उन्हाळ्यातल्या बहुतेक तक्रारी उष्णतेच्या, धुळीच्या आणि नको त्या सॉफ्टवेअरच्या असतात, आणि तिन्हींची तपासणी घरबसल्या, फुकटात होते. नवीन मशीन हा शेवटचा उपाय.

आधी आकडा कुठला ते बघा

उष्णतेबद्दल बोलायचं तर तापमानाच्या आकड्यापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण आपल्या शहरानं या बाबतीत देशाला चांगला धडा दिला आहे. ३० मे २०२४ रोजी, म्हणजे ऐन नवतप्यात, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्यानं ५४ अंश नोंदवले. मोबाइलवर स्क्रीनशॉट धावू लागले. जगातली अधिकृत सर्वोच्च नोंद ५६.७ अंशांची आहे, तीही अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतली, १० जुलै १९१३ ची, आणि तिच्यावरही काही हवामानतज्ज्ञ शंका घेतात. म्हणजे आपण वाळवंटाच्या विक्रमापासून पाऊण अंशावर आलो होतो म्हणायचं! त्याच दिवशी नागपूर परिसरातली इतर स्वयंचलित केंद्रं मात्र ४४ च्या आसपास दाखवत होती. पुढे हवामान विभागानं सेन्सरचा बिघाड असल्याचं स्पष्ट केलं. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रानं ५२.९ दाखवले होते; तिथला सेन्सरही तीन अंश जास्त सांगत असल्याचं तपासात निघालं. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९ अंशांचा, मे २०१३ चा. तो काही कमी नाही.

यातून शिकायचं ते एवढंच: एकच सेन्सर वेगळं बोलत असेल आणि शेजारचे दुसरंच सांगत असतील, तर आधी सेन्सर तपासायचा.

हवेचं अधिकृत तापमान सावलीत मोजतात. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरवर. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह अभियंत्यानं आखली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील. वर्धा रोडवर उभ्या कारच्या डॅशबोर्डवर दिसणारे ५० अंश हे तापलेल्या डांबराचं आणि बॉनेटचं तापमान मिसळून आलेले असतात. मोबाइलचं तर त्याहून गमतीचं. बहुतेक फोनमध्ये बाहेरची हवा मोजणारा सेन्सरच नसतो. आतला सेन्सर बॅटरीचं तापमान सांगतो, आणि पडद्यावर जे 'नागपूर ४५' दिसतं ते कुठल्या तरी हवामान प्रारूपातून इंटरनेटवरून आलेलं असतं. म्हणून दोन अ‍ॅप दोन आकडे दाखवतात.

नवतप्याचंही सांगून टाकतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे, साधारण २५ मेपासूनचे हे नऊ दिवस. याच काळात, २६ मेच्या आसपास, नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर असतो. पंचांगाला भूगोलाची जोड आहे ती अशी. पण सूर्य डोक्यावर असणं आणि विक्रमी तापमान या दोन गोष्टी एक नाहीत. जुलैच्या मध्यातही सूर्य पुन्हा आपल्या डोक्यावर येतो, तेव्हा आपण छत्री घेऊन फिरत असतो.

चिपचं गणित

आता कॅबिनेटच्या आत. प्रोसेसर जितकी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर नेण्याचं काम करतात चिपवरचा थर्मल पेस्टचा थर, अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि पंखा. ही साखळी किती चांगली आहे ते एका आकड्यात सांगता येतं: एक वॅटमागे चिप खोलीपेक्षा किती अंश जास्त तापते.

समजा हा आकडा ०.६ आहे आणि प्रोसेसर ६५ वॅट खातो आहे. ६५ गुणिले ०.६ म्हणजे ३९. चिप खोलीपेक्षा ३९ अंशांनी गरम राहणार. डिसेंबरात खोली २० अंशांवर असली तर चिप ५९ वर. मेमध्ये खोली ४० वर गेली की चिप ७९ वर. इथपर्यंत सगळं ठीक. पण दोन वर्षांची धूळ हीटसिंकच्या पात्यांत साचली आणि पेस्ट वाळून खडखडीत झाली, की तोच आकडा ०.९ होतो. आता हिवाळ्यात चिप ७८ च्या घरात असते, कुणाच्या लक्षातही येत नाही. मेमध्ये ती थेट ९८ वर जाते.

बहुतेक प्रोसेसरची सहनशक्ती ९५ ते १०० अंशांपर्यंत ठेवलेली असते. त्या रेषेजवळ गेलं की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, म्हणजे वीज कमी आणि उष्णता कमी. भर दुपारी काम आवरून सावली धरणारा नागपूरकर जसा वागतो, तसाच. तरीही तापमान चढतच राहिलं तर मशीन स्वतःला बंद करून घेते. लोक ज्याला 'हँग' म्हणतात त्यातला बराच भाग हा आहे. प्रोसेसर बिघडलेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही, पण कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यू मॉनिटर ही मोफत अवजारं ते दाखवतात. लिनक्सवर 'सेन्सर्स' ही आज्ञा पुरते. काही काम नसताना चिप ७५-८० वर दिसली की उत्तर मिळालं. मग ब्लोअर मारायचा, पण पंख्याचं पातं बोटानं धरून. वाऱ्यानं पंखा सुसाट फिरला तर त्याची बेअरिंग जाते. जुनी पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावायची. कुंकवासारखी थापून उपयोग नाही, जास्त पेस्ट म्हणजे जास्त अडथळा. लॅपटॉप असेल तर तो गादीवर ठेवू नये, त्याचं हवा घेणारं तोंड पोटाकडे असतं.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम मोजून बघावी. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते संध्याकाळी खोलीत सोडतो. त्यामुळे बाहेर ऊन उतरल्यावर, सात-आठच्या सुमारास, खोली सर्वात जास्त तापलेली असते. पोरं नेमकी तेव्हाच गेम खेळायला बसतात.

याच उष्णतेनं एकदा साऱ्या जगाची घोडदौड थांबवली आहे. २००४ पर्यंत प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ दरवर्षी वाढत होते. पेंटियम ४ हा ३.८ पर्यंत पोचला आणि ४ गिगाहर्ट्झची घोषित आवृत्ती इंटेलला त्याच वर्षी रद्द करावी लागली. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याची वीजही त्याच प्रमाणात घटते, हा रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला हिशेब तिथे आटला. मग कंपन्यांनी वेग वाढवण्याऐवजी एका चिपवर दोन, चार, आठ कोअर बसवायला सुरुवात केली. आज दुकानदार 'ऑक्टाकोअर' म्हणून जे कौतुकानं सांगतो, ती मुळात तडजोड आहे.

कूलर: कामाचा, पण समोरून नको

नागपूरचा उन्हाळा म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा वास आणि पाण्याच्या पंपाची टपटप. कॉम्प्युटरला हा कूलर चालतो का, हे मला सर्वात जास्त विचारलं जातं.

कूलरचं विज्ञान साधं आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता खेचून घेतं. हवा किती थंड होऊ शकते याची खालची मर्यादा असते, तिला ओल्या फडक्याचं तापमान म्हणतात. मेमधल्या दुपारी बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ही मर्यादा २४ अंशांच्या जवळ येते. चांगला कूलर या अंतराचा साधारण पाऊण भाग कापतो, म्हणजे २९-३० अंशांची हवा मिळते. वातानुकूलन यंत्रापेक्षा कितीतरी कमी विजेत! जुलैमध्ये ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असते तेव्हा मर्यादाच २९ वर चढते, आणि तोच कूलर तीन अंशसुद्धा धड कमी करत नाही. तेव्हा कूलरला शिव्या घालण्यात अर्थ नाही, हवेत पाणी शोषायची जागाच उरलेली नसते.

कूलरमुळे कॉम्प्युटरच्या आत पाणी सुटेल ही भीती मात्र बहुतांशी खोटी. दव धरतं ते हवेपेक्षा थंड वस्तूवर. चालू कॅबिनेटचे भाग खोलीपेक्षा गरम असतात. खरा त्रास वेगळा आहे. कूलर हवेबरोबर बारीक तुषार फेकतो, आणि पाणी बोअरचं असेल तर त्यातले क्षार मागे राहतात. कूलरच्या थेट झोतात ठेवलेल्या कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, यूएसबीच्या खाचांत आणि पंख्याच्या पात्यांवर पांढरट पापुद्रा दिसतो तो यामुळे. त्यावर धूळ बसली की चिकट थर होतो. म्हणून कूलर चालू द्या, पण कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर लावून घाम का येतो, असं विचारणारे शहाणे दर वर्षी भेटतात.

'एसीशिवाय कॉम्प्युटर टिकत नाही' हीदेखील जुनी समजूत. ऐंशी-नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर 'चपला येथे काढा' अशी पाटी असायची, आत देवघरासारखी थंडगार शांतता. धुळीसाठी चपला काढणं शहाणपणाचंच होतं. पण थंडीचा आग्रह? २००७ मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम तापमानात डिस्क गरम असण्याचा आणि ती बिघडण्याचा ठाम संबंध त्यांना आढळला नाही. उलट फार थंड ठेवलेल्या डिस्क जास्त बिघडलेल्या दिसल्या. फारच तापलेल्या आणि जुन्या डिस्कमध्येच उष्णतेचा फटका दिसला.

मोठ्या यंत्रांनाही शेवटी पाणीच लागतं. एआयची डेटा सेंटर किती पाणी पितात यावर सध्या बरीच ओरड आहे, ती रास्तही आहे. पण त्या चर्चेत आपल्या दारातलं उदाहरण क्वचितच येतं. ज्या विजेवर आपला कॉम्प्युटर चालतो ती बनवणाऱ्या कोराडी औष्णिक केंद्राला भांडेवाडीत प्रक्रिया केलेलं शहराचं सांडपाणी पुरवलं जातं. कोराडीचे तीन मोठे संच प्रत्येकी ६६० मेगावॅटचे आहेत. थंड करायला पिण्याचं पाणीच हवं असं नाही, हे या शहरानं करून दाखवलेलं आहे.

बॅटरीचं आयुष्य

प्रोसेसर उष्णता सोसतो, बॅटरी सोसत नाही. अ‍ॅपल आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असं सांगते. नागपूरच्या मे महिन्यात ही अट पहाटेच काय ती पाळता येते. कॅडेक्स या कॅनडातल्या बॅटरी कंपनीच्या प्रसिद्ध तक्त्यानुसार लिथियम बॅटरी ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवली तर तिची क्षमता ६५ टक्क्यांच्या आसपास उरते, आणि ४० टक्के भरून ठेवली तर ८५ च्या आसपास. उष्णता आणि पूर्ण चार्ज एकत्र आले की नुकसान जास्त. दिवसभर वायर लावून वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय बहुधा असते. ती चालू करा.

यूपीएसमधली शिसे-आम्लाची बॅटरी त्याहून नाजूक. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. पाच वर्षं म्हणून घेतलेली बॅटरी आपल्याकडे दोन उन्हाळ्यांत मान टाकते ती काही फसवणूक नसते. टेबलाखाली, भिंतीला खेटून, कॅबिनेटच्या गरम हवेत यूपीएस ठेवायचं सोडा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या

ही तक्रारही उन्हाळ्यातच वाढते. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, आणि ते अर्थिंगच्या तारेशी जोडलेले असतात. घराची अर्थिंग नीट नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगतं. प्रवाह अगदी किरकोळ असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. मे महिन्यात काळी माती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि तिचा विरोध वाढतो. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची जुन्या वायरमन लोकांची सवय पक्की शास्त्रीय आहे.

हीच खराब अर्थिंग लोखंडी कूलरपाशी जीव घेते. विदर्भात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. पाणी भरण्याआधी कूलरचा प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि घरात वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर नव्या ग्राफिक्स कार्डाआधी तो बसवून घ्या.

सॉफ्टवेअरही खोली तापवतं

निकलाउस वर्थ या स्विस संगणकतज्ज्ञानं १९९५ मध्येच तक्रार केली होती, की यंत्रं जितक्या वेगानं जलद होतात त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर मंद होतं. तीस वर्षांत त्यांचं म्हणणं खोटं पडलेलं नाही. एका बातमीच्या पानावर बातमी दोनशे शब्दांची आणि तिच्याभोवती हलणाऱ्या जाहिराती दहा. त्या प्रत्येकीसाठी प्रोसेसर राबतो. जाहिराती रोखणारी जोडणी ब्राउझरला लावली तर पंख्याचा आवाज खाली येतो, हे कानाला कळतं.

व्हिडिओचंही तसंच. यूट्यूब आता नव्या पद्धतीनं आवळलेले व्हिडिओ पाठवतं. ते उलगडणारी खास मंडलं २०१५-१६ च्या आधीच्या बहुतेक चिपमध्ये नाहीत, म्हणून सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. जुन्या मशीनवर ४८० ची गुणवत्ता निवडा. बारा इंची पडद्यावर फरक कळत नाही.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. या अटीमुळे धडधाकट मशीन भंगारात निघत आहेत, आणि हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. ज्यांचं काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि मुलांच्या अभ्यासापुरतं आहे त्यांनी लिनक्स मिंट बसवावं. मराठी युनिकोड टंकलेखन त्यात आधीपासून असतं. मात्र टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या इतवारीतल्या व्यापाऱ्याला लिनक्सचा उपदेश करू नये. त्याचं पोट त्या सॉफ्टवेअरवर आहे, आपल्या मतांवर नाही.

हार्ड डिस्क अजून फिरती असेल तर बाकी काहीही करण्याआधी एसएसडी बसवा. फिरत्या डिस्कला एक तुकडा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा भाग. जुन्या मशीनवर याहून मोठा फरक पाडणारा खर्च मला माहीत नाही.

अंदाजामागची यंत्रं

ज्या उकाड्यानं आपला कॉम्प्युटर बेजार होतो, त्याचा अंदाजही कॉम्प्युटरच देतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भारतानं हवामानासाठी अमेरिकेकडून क्रे एक्स-एमपी महासंगणक घेतला. त्याहून ताकदवान यंत्र द्यायला अमेरिका तयार नव्हती. त्याच काळात, १९८८ मध्ये, पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्या प्रकल्पाचे प्रमुख विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९६५ मध्ये ते नागपूरच्या व्हीआरसीईतून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, अभियंता झाले. कॉलेज तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. शहरातल्या किती पोरांना हे ठाऊक आहे, कोण जाणे.

आज पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतला 'अर्क' हा महासंगणक ११.७७ पेटाफ्लॉप्सचा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तो सुरू झाला. २६ मे २०२५ पासून भारतीय प्रारूप सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देतं. म्हणजे अंबाझरी आणि पारडी आता वेगवेगळ्या चौकटीत येऊ शकतात, पण तुमच्या गच्चीचं तापमान कुठलंही प्रारूप सांगणार नाही. त्यासाठी सावलीत टांगलेला साधा थर्मामीटरच हवा.

दुकानात जाण्याआधी

एप्रिलच्या शेवटी एकदा कॅबिनेट उघडून धूळ झाडा, चिपचं तापमान वहीत लिहून ठेवा आणि मेमध्ये त्याच्याशी ताडून बघा. एसएसडी, पेस्ट आणि सॉफ्टवेअरची साफसफाई एवढं झाल्यावरही काम अडत असेल तर खुशाल नवीन मशीन घ्या. जुनी भंगारवाल्याला देताना दोन गोष्टी विसरू नका: आतली डिस्क काढून घ्या, आणि फुगलेली लॅपटॉपची बॅटरी असेल तर ती महापालिकेच्या कचरागाडीत न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या. उन्हात तापलेल्या गाडीत ती दाबली गेली तर पेट घेते.